शाळेतल्या अवांतर वाचनाची पार्श्वभूमी

अभ्यासाबाहेरचं, आपल्या आवडीचं असं काही मुलांनी वाचावं, ही इच्छा मराठीत जुनीच. मुलांची मासिकं एकोणिसाव्या शतकापासून निघत आली, पुढे १९७१ साली राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळानेही स्वतःचं मासिक सुरू केलं. मात्र ही मासिकं बहुतेक वर्गणी भरू शकणाऱ्या घरांत जायची. ज्यांच्या घरी छापील कागद म्हणजे फक्त कॅलेंडर, त्या मुलांची सगळी भिस्त शाळेवर होती.

आणि शाळेत कपाट होतं. १९८७ पासून केंद्र सरकारच्या खडू-फळा मोहिमेतून प्राथमिक शाळांना इतर साहित्याबरोबर पुस्तकंही मिळू लागली. पुस्तक आलं की त्यावर शिक्का, दाखल क्रमांक आणि डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, नोंद. खुर्ची, घंटा आणि गोष्टीचं पुस्तक, सगळ्यांचा हिशेब एकाच पद्धतीने. मुख्याध्यापकांची बदली झाली की चार्ज देताना नग मोजून द्यायचे, आणि कमी भरले तर भरपाईची धास्ती. एखाद्या पोराने पुस्तक घरी नेलं, धाकट्या भावाने त्याची पानं फाडली, तर ते निर्लेखित करून घेण्यासाठी, म्हणजे नोंदीतून अधिकृतपणे कमी करण्यासाठी, कागद रंगवत बसायचं. त्यापेक्षा कुलूप बरं वाटायचं. यात शिक्षकांच्या आवडी-निवडीचा भाग कमी आणि नोंदवहीचा जास्त, असं माझं स्पष्ट मत आहे. शिक्षण हक्क कायद्याने २०१० पासून प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टीची पुस्तकं असलेलं ग्रंथालय बंधनकारक केलं. कपाटं भरली, पण किल्ली होती तिथेच राहिली.

आजचं चित्र घडलं ते मात्र २०१५ साली. त्या वर्षी जूनमध्ये राज्याने प्रत्येक मूल प्रगत करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. कोणाला अक्षरओळख आहे, कोण शब्द वाचतं, कोण उतारा वाचतं, हे चाचण्या घेऊन तपासायचं. त्याची गरज होतीच. पाचवीतल्या अनेक मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही, हे सर्वेक्षणं वर्षानुवर्षं सांगत होती. त्याच वर्षी लोकप्रिय माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचं निधन झालं आणि त्यांची जयंती, १५ ऑक्टोबर, वाचन प्रेरणा दिन म्हणून ठरली. त्या दिवशी दप्तर घरी ठेवायचं आणि शाळेत पुस्तकं वाचायची.

या तारखेवरून तेव्हापासून वाद आहे. बाजूने बोलणारे म्हणतात, निदान एक दिवस तरी कपाट उघडतं, गावातली माणसं पुस्तकं भेट देतात. ते खरंच आहे. ग्रंथदिंडी, वर्गात आडव्या बांधलेल्या दोरीवर लटकवलेली पुस्तकं, झाडाखालचा वाचनकट्टा, हे सगळं या दिवसामुळे कित्येक शाळांत पहिल्यांदा दिसलं. दोरीवरचं पुस्तक मुलाच्या हाताला लागतं, चित्र बघून ते निवडतं, नाही आवडलं तर परत अडकवतं. निवडायची ही मोकळीक कपाटाने कधीच दिली नव्हती.

पण ऑक्टोबर हा पहिल्या सत्राच्या परीक्षेचा महिना. त्याच तारखेला हात धुण्याचा जागतिक दिवसही असतो, म्हणजे सकाळी साबण आणि दुपारी पुस्तक. मग दोन्हींचे फोटो आणि अहवाल. शिवाय पाठोपाठ दिवाळीची सुट्टी. मुलांकडे खरा मोकळा वेळ असतो तो या सुट्टीत, आणि सुट्टीआधी पुस्तकं जमा करून घ्यायची रीत बऱ्याच शाळांत अजून आहे. माझा आक्षेप आहे तो इथे. साजरीकरणापेक्षा त्या पंधरवड्यात दोन पुस्तकं घरी न्यायची मुभा दिली असती तर जास्त मुलं वाचती झाली असती.

पुढच्या घडामोडी भराभर झाल्या. मे २०१७ मध्ये पाचगणीजवळचं भिलार पुस्तकांचं गाव झालं आणि सहलींच्या यादीत आलं. २०१८ पासून समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना इयत्तांप्रमाणे वर्षाला ५,००० ते २०,००० रुपये ग्रंथालय अनुदान ठरलं. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या, पुस्तकं आत आणि मुलं बाहेर. जानेवारी २०२२ मध्ये केंद्राची शंभर दिवसांची वाचन मोहीम सुरू झाली, तेव्हा राज्यातल्या शाळा रुग्णवाढीमुळे पुन्हा बंद होत होत्या. २०२४ च्या राज्यव्यापी वाचन उत्सवात तर मुलांनी वाचलेल्या पुस्तकावर लिहून ते संकेतस्थळावर चढवायचं होतं. २०१५ च्या जूनमध्ये सुरू झालेल्या तपासणीची सवय अशी आनंदाच्या वाचनातही शिरली.

एक गोष्ट या सगळ्या काळात जशीच्या तशी आहे. प्राथमिक शाळेला ग्रंथपालाचं पद नाही. पुस्तकं देणं-घेणं वर्गशिक्षकांकडेच, शालेय पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती यांच्या जोडीला.