फ्लाइंग क्लबच्या फलकावर त्याच त्या तीन बातम्या का असतात?

फ्लाइंग क्लबचा सूचनाफलक कुठलाही असो, त्यावर साधारण तीनच गोष्टी दिसतात. कुणीतरी पहिल्यांदा एकट्याने विमान उडवलं, दोनपैकी एक विमान तपासणीसाठी हँगरमध्ये, म्हणजे विमानाच्या शेडमध्ये आहे, आणि तासाचा दर वाढला आहे. दहा वर्षांपूर्वीचा कागद काढला तरी मजकूर हाच. याचं मूळ शंभर वर्षं मागे आहे.

जनरल एव्हिएशन म्हणजे ढोबळमानाने लष्कर आणि वेळापत्रकाने उडणाऱ्या विमान कंपन्या वगळून उरलेलं उड्डाण. पहिल्या महायुद्धानंतर या हौशी उड्डाणाची अडचण विमानांची नव्हती, खर्चाची होती. युद्धातून उरलेली विमानं ढिगाने होती, पण ती पोसणं साध्या माणसाच्या खिशाबाहेरचं होतं. ब्रिटनच्या हवाई मंत्रालयाने १९२४ मध्ये इंग्लंडमधल्या लिम्प्नी इथे हलक्या दोन आसनी विमानांची स्पर्धा घेतली आणि इंजिनाला ११०० सीसीची मर्यादा घातली. विमानं उडाली खरी, पण दोन माणसं घेऊन रोज शिकवणी चालवण्याइतका दम त्यांच्यात नव्हता.

विमानं बनवणारे जेफ्री डी हॅविलंड त्या मर्यादेच्या नादी लागले नाहीत. त्यांच्यासाठी इंजिनांचे रचनाकार फ्रँक हॅल्फर्ड यांनी युद्धातून उरलेलं आठ सिलिंडरचं रेनॉ इंजिन घेतलं आणि सरळ निम्मं केलं. चार सिलिंडरची एक रांग, खाली नवं क्रँककेस (इंजिनाचा खालचा खोका), आणि ६० अश्वशक्तीचं सिरस इंजिन तयार! भंगाराच्या भावातल्या या मालावर 'मॉथ' उभं राहिलं आणि २२ फेब्रुवारी १९२५ रोजी लंडनच्या स्टॅग लेन विमानतळावरून उडालं. पंख मागे दुमडले की ते छोट्याशा शेडमध्ये मावायचं. त्याच वर्षी सरकारने क्लबांना मदत देऊन मॉथ वापरात आणलं. लंडन, लँकेशायर, न्यूकॅसल अशा ठिकाणी सभासद वर्गणी भरून पाळीपाळीने उडू लागले. एक विमान आणि वाटेकरी अनेक, हा फ्लाइंग क्लबचा हिशेब तिथे पक्का झाला.

तो हिशेब कुणाच्या पथ्यावर पडला हे पाहायचं तर एमी जॉन्सनकडे पाहावं. लंडनमधल्या वकिलाच्या कचेरीत टायपिंग करणारी ही मुलगी स्टॅग लेनच्या क्लबमध्ये उडायला शिकली आणि मेकॅनिकांच्या संगतीने हँगरमध्ये हात काळे करत ग्राउंड इंजिनिअरचा, म्हणजे विमानाच्या देखभालीचा परवानाही मिळवून बसली. ५ मे १९३० ला ती जुन्या, वापरलेल्या मॉथमधून एकटी निघाली आणि २४ मेला ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला उतरली.

सरकारने पैसे दिले ते काही हौसेच्या कौतुकापोटी नव्हे. गरज पडली तर हाताशी तयार वैमानिक असावेत, हा त्यामागचा मोठा हेतू होता. जर्मनीवर पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने इंजिनाच्या विमानांबाबत बंधनं घातली होती, म्हणून तिथे रोन डोंगराळ भागातल्या वासरकुपे टेकडीवर १९२० पासून बिनइंजिनाच्या ग्लायडरच्या स्पर्धा भरू लागल्या आणि त्यातून क्लबांची दाट परंपरा उभी राहिली. अमेरिकेत नागरी वैमानिक प्रशिक्षण योजनेतून १९४४ पर्यंत सुमारे ४ लाख ३५ हजार जण शिकले, त्यातले बरेच पायपर कब या छोट्या पिवळ्या विमानावर.

पहिल्या सोलोनंतर, म्हणजे एकट्याने केलेल्या उड्डाणानंतर, शर्टाची मागची बाजू कापून भिंतीवर टांगायची अमेरिकी पद्धतही याच धाटणीच्या विमानांशी जोडली जाते. विद्यार्थी पुढे, गुरुजी मागे, बोलायला इंटरकॉम नाही. लक्ष वेधायचं तर शर्ट ओढायचा. एकट्याने उडून आलात, म्हणजे आता ओढायला शर्टाची गरज उरली नाही! ही गोष्ट कितपत खरी कोण जाणे, पण कात्री मात्र खरी असते.

हँगरच्या बातमीचं मूळ नंतरच्या काळात आहे. सेसना कंपनीचं १७२ हे छोटं विमान पहिल्यांदा १९५५ मध्ये उडालं आणि पुढे ४४ हजारांहून अधिक बनली. १९७८ मध्ये अमेरिकेत जनरल एव्हिएशनची १७ हजारांवर विमानं तयार झाली, १९९४ मध्ये हजारसुद्धा नाहीत. मंदी होती, शिवाय दशकांपूर्वी विकलेल्या विमानाला अपघात झाला तरी कारखान्यावर दावा लागे. सेसनाने १९८६ मध्ये पिस्टन इंजिनाची विमानं बनवणं थांबवलं. विमान १८ वर्षांचं झालं की कारखान्याची ती जबाबदारी बहुतांशी संपेल, असा कायदा १९९४ मध्ये झाल्यावरच तो कारखाना पुन्हा हलला. तोवर विमानांची मधली एक पिढी बनलीच नव्हती. म्हणून आजही कित्येक क्लबांतली विमानं शिकणाऱ्यापेक्षा वयाने मोठी असतात.

दराची भांडणं तर मीटरवरून होतात. हॉब्ज मीटर इंजिन चालू असेपर्यंत घड्याळाप्रमाणे पळतो, टॅकोमीटरचा तास मात्र इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. धावपट्टीपाशी रांगेत ताटकळताना पहिला पूर्ण वेळ मोजतो, दुसरा रेंगाळतो. भाडं कोणत्या मीटरवर आकारायचं, एवढ्यावर वार्षिक सभेची संध्याकाळ सहज निघते.

आणि इंधन. जुन्या, जास्त दाबाच्या इंजिनांना लागणाऱ्या १००एलएल पेट्रोलमध्ये अजून शिसं असतं. नावातलं 'एलएल' म्हणजे कमी शिशाचं. कमी असलं तरी लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत. मोटारींच्या पेट्रोलमधून ते केव्हाच गेलं. अमेरिकेत सप्टेंबर २०२२ मध्ये एका बिनशिशाच्या पर्यायाला मंजुरी मिळाली, पण तो मोजक्याच विमानतळांवर मिळतो. युरोपीय संघात १००एलएलमध्ये मिसळायच्या टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाला मे २०२५ पासून खास परवानगी लागते.

जून २०२० मध्ये युरोपात पिपिस्ट्रेल व्हेलिस इलेक्ट्रो या दोन आसनी विजेच्या विमानाला प्रमाणपत्र मिळालं. एका चार्जवर सुमारे ५० मिनिटं, वर थोडी राखीव. धावपट्टीभोवती फेऱ्या मारत चढणं-उतरणं घोटवायला तेवढं पुरतं. लांब दुसऱ्या विमानतळावर जाऊन यायचं असेल, तर बहुतेक क्लबांत अजून ते जुनंच विमान हँगरमधून बाहेर ओढलं जातं.