‘हरकती व सूचना’: विकास आराखड्यातल्या दोन शब्दांची पार्श्वभूमी

शहराचा विकास आराखडा, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा नकाशा, निघाला की वर्तमानपत्रात एक जाहिरात येते: ‘नागरिकांकडून हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत.’ राज्यात नगरनियोजनातला लोकसहभाग कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ या एका वाक्यात सामावलेला आहे. त्यामुळे ते वाक्य नीट वाचायला हवे.

‘सूचना’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ होतात. सरकार काढते ती नोटीस म्हणजे सूचना, आणि नागरिक सुचवतो तीही सूचना. राजपत्रात सूचना प्रसिद्ध होते आणि तिच्यातूनच सूचना मागवल्या जातात. ‘हरकत’ची गंमत याहून खोल आहे. रोजच्या बोलण्यात ‘हरकत नाही’ म्हटले की संमती झाली. आराखड्यातही मुदतीत ज्याने काही लिहून दिले नाही, त्याची हरकत नाही असेच धरले जाते. मग तो जहाजावर कामाला असो, झोपडपट्टीत राहणारा असो किंवा नकाशा वाचता न येणारा असो.

कायद्याने हे दोन शब्द एकत्र बांधले असले, तरी व्यवहारात त्यांचे वजन सारखे नाही. माझी जमीन मैदानासाठी राखून ठेवली आहे, ते आरक्षण काढा, ही झाली हरकत. तिच्यामागे सातबारा असतो, वकील असतो, पुढे कोर्टात जायची तयारी असते. आमच्या भागात मैदान ठेवा, ही झाली सूचना. तिच्यामागे सह्यांचा कागद असतो. सुनावणी मागण्याचा हक्क दोघांना असतो, पण ऐकणाऱ्यावर दडपण येते ते बहुतेक पहिल्याचेच.

तरतूद जुनी आहे. मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा १९१५ साली आला, तोही देशातला पहिला. १९५४ च्या कायद्याने संपूर्ण शहराचा आराखडा करणे बंधनकारक झाले. आज जी पद्धत चालते ती मात्र महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ ची. प्रारूप, म्हणजे आराखड्याचा मसुदा, प्रसिद्ध होते, ठरावीक मुदतीत अर्ज येतात, नियोजन समिती सुनावणी घेते, अहवाल महापालिकेकडे आणि तिथून राज्य सरकारकडे जातो. या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य असतात आणि बाहेरून नेमलेले चार जणांपर्यंत तज्ज्ञ. समितीने ऐकून घ्यायचे असते. हरकत का फेटाळली हे अर्जदाराला पत्राने कळवावे, असे मात्र कायदा म्हणत नाही. उत्तरदायित्वाची सगळी चर्चा इथेच अडते.

मुंबईच्या पहिल्या दोन आराखड्यांच्या वेळी या तरतुदीचा वापर मुख्यतः जमीनमालकांनीच केला. मुंबईच्या दुसऱ्या आराखड्याचे प्रारूप १९८४ मध्ये निघाले आणि १९९१ ते १९९४ दरम्यान त्याला तुकड्यातुकड्यांनी मंजुरी मिळाली. तोवर शहर कुठल्या कुठे गेले होते.

चित्र पालटले ते पुण्यातल्या टेकड्यांमुळे. १९९७ मध्ये शहरात आलेल्या २३ गावांच्या आराखड्यात टेकड्यांवर ९७८ हेक्टरचे जैववैविध्य उद्यान दाखवले होते. ते टिकावे म्हणून लोकांनी हजारोंनी अर्ज भरले. त्यात जमीन एकाचीही जात नव्हती. टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांनी दिलेला तो पाठिंबा होता. पाठिंबा हरकतीत मोडतो की सूचनेत, याचे उत्तर कायद्यात नाही. त्या आरक्षणाला शेवटी मंजुरी मिळाली २०१५ मध्ये. मधल्या काळात उतारांवर किती घरे चढली ते पुणेकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

मुंबईत २०१४-३४ च्या आराखड्याचे काम सुरू झाले आणि नागरी संस्थांनी वेगळाच मार्ग धरला. प्रारूपाची वाट न पाहता त्यांनी आधी विद्यमान भूवापराचे, म्हणजे आज कुठल्या जमिनीवर काय आहे ते दाखवणारे, नकाशे तपासले आणि चुका दाखवून दिल्या. कायद्याने या टप्प्यावर लोकांना विचारणे बंधनकारक नव्हते, तरीही लोक आले. हा खरा सहभाग होता आणि त्याची नोंद फार कमी घेतली गेली, असे मला वाटते.

फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रारूप आले. स्थानकांच्या परिसरात आठपर्यंत चटईक्षेत्र निर्देशांक (म्हणजे भूखंडाच्या आठपट बांधकाम), आरे या हिरव्या पट्ट्याचा काही भाग विकासाला खुला, गावठाणे आणि कोळीवाडे नीट दाखवलेले नाहीत, उभ्या इमारतींवरून आखलेले रस्ते, यादीतून गळलेल्या वारसा वास्तू. ६० दिवसांच्या मुदतीत ६० हजारांहून अधिक अर्ज आले. मुदत संपत आली असताना, एप्रिलमध्ये, तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी दुरुस्तीचे आदेश दिले: चार महिन्यांत चुका काढा आणि आराखडा पुन्हा प्रसिद्ध करा.

या निर्णयाला काय म्हणायचे यावर आजही एकमत नाही. वर्तमानपत्रांनी ‘आराखडा रद्द’ असे मथळे दिले. सरकारच्या भाषेत ती दुरुस्ती होती. फरक नुसता शब्दांचा नव्हता. दुरुस्ती म्हणावी, तर आलेल्या अर्जांवर नियोजन समितीपुढे सुनावणी व्हायला हवी होती. रद्द म्हणावे, तर ज्या अर्जांनी तो रद्द करवला त्यांचे पुढे काय, हा प्रश्न उरतो. प्रत्यक्षात ती सुनावणी झालीच नाही. जनमताचा विजय म्हणून अनेकांनी निर्णयाचे स्वागत केले, आणि ते स्वाभाविक होते. पण लोकांचे म्हणणे ऐकायची जी रीत कायद्याने घालून दिली आहे, ती पाळली जाण्याआधीच निकाल लागला, आणि तो लावला वरच्या एका आदेशाने. पुढच्या प्रत्येक आराखड्यात लोक समितीकडे न जाता थेट मंत्रालयाकडे पाहू लागले, त्याची सुरुवात मला इथे दिसते.

चार महिन्यांचे तेरा झाले. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये निघाले, नव्याने अर्ज मागवले गेले आणि पहिल्या खेपेच्या तुलनेत फार कमी आले. दोनदा अर्ज लिहायला त्राण लागते. मंजुरी मे २०१८ मध्ये मिळाली, तीही काही भाग ‘वगळलेला’ ठेवून. ज्यांना आपण ईपी (एक्स्क्लुडेड पोर्शन) म्हणतो त्या तुकड्यांसाठी पुन्हा वेगळ्या हरकती, पुन्हा वेगळी सुनावणी.

पुण्यात जुन्या हद्दीच्या आराखड्यावर २०१३ मध्ये सुमारे ८७ हजार अर्ज आले. त्यांवर सुनावणी झाली, पण मार्च २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडा महापालिकेकडून काढून स्वतःच्या हातात घेतला आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केला. गोव्यात २००७ मध्ये लोकांच्या आंदोलनापुढे २०११ पर्यंतचा प्रादेशिक आराखडा मागे घेतला गेला. त्यानंतरच्या, २०२१ पर्यंतच्या आराखड्यासाठी गावपातळीवर मते मागवली गेली, ही पद्धत महाराष्ट्राच्या कितीतरी पुढची. तोही २०१२ मध्ये स्थगित झाला, आणि २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून एकेका भूखंडाचा विभाग (झोन, म्हणजे त्याचा ठरलेला वापर) अर्जावर बदलण्याची वाट काढली गेली.

पुणे महानगर प्रदेशाच्या विकास आराखड्याचे प्रारूप ऑगस्ट २०२१ मध्ये निघाले. त्यावर ६५ हजारांहून अधिक हरकती व सूचना आल्या आणि त्यांवर सुनावण्याही झाल्या. २०२५ मध्ये राज्य सरकारने ते प्रारूप रद्द केले. आता नवे प्रारूप निघेल, राजपत्रात सूचना येईल, आणि त्याच गावांतल्या लोकांना तीच कागदपत्रे जोडून नवा अर्ज भरावा लागेल.