न्यूट्रल आणि अर्थिंग एकच नव्हेत

फेज ओळखायला कुणाला शिकवावं लागत नाही. टेस्टर पेटला की फेज. घोळ होतो तो उरलेल्या दोन वायरींचा. दोन्हींवर टेस्टर पेटत नाही, न्यूट्रलही डीपीपाशी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी, जमिनीलाच जोडलेला असतो, मग "दोन्ही एकच हो" म्हणून वायरमन मोकळा होतो. साताऱ्यापासून मिरजेपर्यंत हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले.

थ्री पिनमधली वरची जाड पिन अर्थिंगची, हिरवी वायर अर्थिंगची, काळी न्यूट्रलची. हे लक्षात ठेवायला अवघड नाही.

फरक आहे तो कामाचा. 2000 वॅटचा गिझर चालू केला की फेजमधून साधारण 9 अँपिअर येतात आणि तेवढेच न्यूट्रलमधून परत जातात, रोज. अर्थिंगमधून एरवी काहीच जात नाही. आतली फेज गिझरच्या धातूच्या बॉडीला टेकली, तरच तो करंट जमिनीत नेण्याचं तिचं काम सुरू होतं.

आता बाथरूमचा बोर्ड उघडा. घराला अर्थिंग नाही म्हणून न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थिंगच्या स्क्रूपर्यंत बोटभर वायरीचा तुकडा टाकलेला सापडेल. फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब धरला तर झकास पेटतो, म्हणून मालकही खूश. पण मीटर ते बोर्ड या वाटेत न्यूट्रल तुटला, की फेज गिझरच्या कॉइलमधून येते, परतीची वाट बंद असते आणि त्या तुकड्यातून ती थेट बॉडीवर जाते. 230 व्होल्ट, आणि समोर ओल्या अंगाचा माणूस. एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, पडत नाही, कारण शॉर्ट सर्किट झालेलंच नसतं. अर्थिंग नसलेला बोर्ड वाईटच, पण हा तुकडा टाकलेला बोर्ड त्याहून वाईट. असा बोर्ड दिसला तर मी तो तुकडा काढल्याशिवाय हलत नाही.

शेतात याच्या उलट करतात. विहिरीवर थ्री फेज येते, न्यूट्रल ओढलेला नसतो. मग एक फेज आणि मोटरचं अर्थिंग घेऊन बल्ब लावायचा. जमिनीत ठोकलेल्या अर्थिंगच्या रॉडपाशी ती वायर गंजून सुटली, की बल्बमधून आलेला करंट मोटरच्या बॉडीवर आणि पाइपवर उभा राहतो.

"आमच्याकडे रॉड ठोकलाय" एवढ्यावरही थांबू नका. कृष्णाकाठच्या काळ्या, ओल्या जमिनीत रॉड चांगला लागतो; माण, खटाव, जतच्या मुरमात उन्हाळ्यात त्याचा रेझिस्टन्स वाढतो. समजा तो 20 ओहम आहे. 230 भागिले 20, म्हणजे 11.5 अँपिअर. 16 अँपिअरचा एमसीबी एवढ्यावर पडत नाही आणि बॉडीत करंट तसाच राहतो. म्हणून 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट तो सतत ताडून बघतो आणि तफावत दिसली की लाइन तोडतो. स्विचबोर्डच्या रंगीत प्लेटांवर हजारो रुपये घालून आरसीसीबी टाळणारे लोक मला समजत नाहीत.

तो सारखा पडतोय म्हणून काढून टाकायला सांगणारा वायरमन आला तर त्याला आधी सगळे बोर्ड उघडायला लावा. घराला खरं अर्थिंग असून कुणी मागे तो न्यूट्रलचा तुकडाही टाकला असेल, तर थोडा करंट भलत्याच वाटेने जातो आणि आरसीसीबी पडतो. तुकडा काढा, अर्थिंगची स्वतंत्र हिरवी वायर रॉडच्या खड्ड्यापर्यंत न्या, आणि महिन्यातून एकदा आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का ते बघा.