होस्टनेम शोधणारी फंक्शने

नेटवर्कवरील यंत्राच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता, किंवा पत्त्यावरून नाव काढून देणारी लायब्ररी फंक्शने. सी भाषेतील गेटहोस्टबायनेम हे यांतले जुने आणि गेटॲड्रइन्फो हे आजचे फंक्शन. माणसे नावे लक्षात ठेवतात, तर सॉकेट (नेटवर्कवरील संवादाचे प्रोग्राममधील टोक) जोडायला अंकी पत्ताच लागतो. त्यामुळे पायथनसारख्या भाषांतील सॉकेटची सोयदेखील आतून बहुधा याच फंक्शनांवर उभी असते.

गेटहोस्टबायनेम १९८३ साली बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी या युनिक्स आवृत्तीबरोबर आले. तेव्हा साऱ्या यंत्रांची नावे एसआरआय या संस्थेत सांभाळल्या जाणाऱ्या एकाच मजकूर फाइलमध्ये असत आणि फंक्शन यंत्रावरील तशाच यादीतून नाव शोधत असे. पॉल मॉकापेट्रिस यांनी त्याच वर्षी मांडलेली डीएनएस पद्धत (नावे व पत्ते अनेक सर्व्हरांवर विभागून ठेवणारी व्यवस्था) पुढे रूढ झाली, तेव्हा फंक्शनचे आतले काम पार बदलले, तरी ते वापरणाऱ्या प्रोग्रामांचा मजकूर बदलावा लागला नाही. या फंक्शनाचे खरे यश हेच म्हणावे लागेल.

त्याचे दोष मात्र रचनेतच होते. उत्तर लायब्ररीच्या स्वतःच्या एकाच ठरावीक जागेत लिहिले जाई आणि प्रोग्रामला त्या जागेचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतील ठिकाण, मिळे. दुसरे नाव शोधले की पहिले उत्तर पुसले गेलेच. एकाच वेळी अनेक थ्रेड (समांतर चालणारे कामाचे धागे) चालवणाऱ्या प्रोग्रामात तर एका थ्रेडने विचारलेल्या नावाला दुसऱ्याचा पत्ता मिळण्याची भीती असे. यावर काढलेल्या सुधारित फंक्शनाचे नाव लिनक्सवर व सोलारिसवर एकच आहे, पण लिनक्सवर त्याला सहा आर्ग्युमेंट (बोलावताना द्यायची मूल्ये) लागतात आणि सोलारिसवर पाच. शिवाय मूळ फंक्शन ३२ बिटांच्या आयपीव्ही४ पत्त्यांपुरतेच उपयोगी होते.

१२८ बिटांचे आयपीव्ही६ पत्ते आले तेव्हा गेटॲड्रइन्फो पुढे आले, आणि युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या पॉझिक्स मानकाच्या २००१ च्या आवृत्तीत त्याला स्थान मिळाले. जुने फंक्शन २००८ च्या आवृत्तीतून वगळले गेले, तरी लायब्ररींत ते अजून आहे. नवे फंक्शन नाव आणि सेवा (उदाहरणार्थ ‘एचटीटीपी’) दोन्ही एकदम घेते आणि पत्त्यांची लिंक्ड लिस्ट (एकमेकांना जोडलेल्या नोंदींची यादी) देते. ही मेमरी फ्रीॲड्रइन्फो वापरून परत करणे प्रोग्रामरचे काम असते. यादीतील पत्ते ठरलेल्या नियमांनी पसंतीच्या क्रमाने लावलेले असतात. पहिला लागला नाही तर दुसरा, असे ओळीने पाहत जावे ही अपेक्षा असते, पण पहिल्यावरच हात टेकणारे प्रोग्राम काही कमी नाहीत.

उलट्या, म्हणजे पत्त्यावरून नावाच्या, शोधासाठी गेटनेमइन्फो आहे. नाव सापडले नाही तर ते निमूटपणे अंकी पत्ताच मजकुराच्या रूपात परत देते. नाव हवेच असेल तर तसा फ्लॅग (पर्याय सुचवणारी खूण) द्यावा लागतो. असे मिळालेले नावही ओळखीचा पुरावा नव्हे, कारण उलटी नोंद पत्ता ज्याच्या ताब्यात असतो तोच करतो. म्हणून ते नाव पुन्हा सुलटे शोधून तोच पत्ता येतो का, हे पडताळतात.

नव्या फंक्शनातही एक जुनी अडचण उरली आहे: उत्तर येईपर्यंत त्याला बोलावणारा थ्रेड खोळंबतो. लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत एका विचारणेला पाच सेकंद आणि दोन प्रयत्न, असा हिशेब असतो. एकच डीएनएस सर्व्हर नेमलेला असून तो निपचित पडला, तर सुमारे दहा सेकंद नुसती वाट पाहण्यात जातात. त्यामुळे खिडक्या-बटणांच्या प्रोग्रामात हा शोध वेगळ्या थ्रेडवर सोपवतात.

इतक्या ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या फंक्शनातली चूक महागात पडते. जीलिबसी या लिनक्सवरील प्रमुख सी लायब्ररीतील ‘घोस्ट’ नावाने गाजलेली चूक २००० पासून गेटहोस्टबायनेमच्या वाटेवर दबा धरून होती. ती २०१३ मध्ये दुरुस्त झाली, पण सुरक्षेचा दोष म्हणून तिची ओळख जानेवारी २०१५ मध्ये पटली. सुमारे वर्षभराने, फेब्रुवारी २०१६ मध्ये, त्याच लायब्ररीच्या गेटॲड्रइन्फोमध्येही बफर (मजकुरासाठी राखलेली मेमरीतील जागा) ओलांडला जाण्याचा दोष जाहीर झाला.

देवनागरीतील ‘.भारत’ नावे शोधतानाही एक पायरी मध्ये येते. डीएनएसमध्ये अशी नावे प्युनीकोड या रोमन अक्षरी रूपात नोंदलेली असतात. हे रूपांतर जीलिबसीमध्ये खास फ्लॅग दिल्यावरच होते, एरवी ते प्रोग्रामने आधीच करून द्यावे लागते.