खिडकीमागची खुर्ची रिकामी असते तेव्हा

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे बँकेत ऐकलं की आपण निमूट पुन्हा बाकड्यावर टेकतो. रांगांच्या गणितात खिडकीमागच्या कारकुनालाही सर्व्हरच म्हणतात. तो जेवायला गेला, दुसऱ्या टेबलावर गेला किंवा आत फाइल शोधत बसला, तरी त्या गैरहजेरीचं नाव एकच: सुट्टी. या सुट्टीला समीकरणात जागा मिळायला मात्र बराच काळ जावा लागला.

रांगांचं गणित टेलिफोनमधून आलं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत १९०८ साली नोकरीला लागलेल्या ॲग्नर एरलांगने १९०९ आणि १९१७ च्या लेखांत त्याचा पाया घातला. १९३० मध्ये पोलाचेक आणि १९३२ मध्ये खिंचिन यांनी एका खिडकीच्या रांगेत सरासरी किती थांबावं लागेल याचं सूत्र दिलं. यातला सर्व्हर कधी थकत नाही, बिघडत नाही, चहालाही उठत नाही. समोर माणूस आहे तोवर तो कामात असतो.

पुढची पायरी कापडगिरण्यांतली आहे. ब्रिटनच्या सूतगिरण्यांत एकच कामगार ओळीने लावलेल्या यंत्रांपुढून फेऱ्या मारत बंद पडलेलं यंत्र चालू करायचा. मॅक, मर्फी आणि वेब यांनी १९५७ साली त्याचं गणित मांडलं. एका यंत्राच्या जागी उभं राहून पाहिलं, तर कामगार बाकीच्या यंत्रांकडे असतो तो सगळा वेळ त्याची सुट्टीच.

१९५८ मध्ये व्हाइट आणि क्रिस्टी यांनी यंत्राचा बिघाड आणि मध्येच घुसणारा अग्रक्रमाचा ग्राहक यांना एकाच साच्यात बसवलं. मला ही कल्पना फार आवडते. दर्शनाच्या रांगेत व्हीआयपी शिरला की मागच्यांच्या दृष्टीने यंत्र बंद पडलेलंच असतं! १९६२ साली गेव्हरने आणखी एक सोय केली: काम सुरू झाल्यापासून पुरं होईपर्यंतचा सगळा वेळ, मधले खोळंबे धरून, एकत्र मोजायचा आणि जुन्याच सूत्रात घालायचा.

त्याने काय होतं ते पाहा. दर पाच मिनिटांना सरासरी एक ग्राहक येतो, काम चार मिनिटांचं. खिडकी ८० टक्के व्यग्र, म्हणजे ठीक चाललंय. आता यंत्र चालू कामाच्या दर तासाला सरासरी एकदा बंद पडतं आणि दुरुस्तीला पंधरा मिनिटं लागतात असं धरा. चार मिनिटांच्या कामाला प्रत्यक्षात सरासरी पाच मिनिटं लागू लागतात. ग्राहकही पाच मिनिटांनीच येतायत. रांग आता कधीच स्थिरावणार नाही.

रांग संपल्यावर घेतलेल्या सुट्टीचा स्वभाव वेगळा आहे. लेव्ही आणि येचियाली यांनी १९७५ मध्ये रिकाम्या वेळात सर्व्हरला दुसरं काम दिलं तर काय होईल, हा प्रश्न सोडवला. समोर कुणी नसलं की तो दुसऱ्या कामाला लागतो, ते संपवून परततो, तरीही कुणी नसलं तर पुन्हा जातो. ग्राहक आपापल्या मर्जीने, एकमेकांशी संबंध न ठेवता येत असतील, तर त्यांचं थांबणं दोन भागांत सुटं होतं: नेहमीच्या रांगेतलं थांबणं, अधिक सुट्टीने वाढवलेलं थांबणं. या दुसऱ्या भागाचा गर्दीशी काही संबंध नाही. फुरमान आणि कूपर यांनी १९८५ साली हीच फोड कितीतरी व्यापक प्रकारच्या सुट्ट्यांना लागू करून दाखवली.

हा दुसरा भाग सुट्टीच्या नुसत्या सरासरीवर ठरत नाही, ती किती बेभरवशाची आहे यावरही ठरतो. प्रत्येक सुट्टी बरोबर दहा मिनिटांची असेल तर सरासरी पाच मिनिटांची भर पडते. पण निम्म्या सुट्ट्या दोन मिनिटांच्या आणि निम्म्या अठराच्या असतील, तर सरासरी दहाच राहून भर ८.२ मिनिटांवर जाते. कारण सोपं आहे. खिडकी रिकामी असताना येणारा माणूस लांबलेल्या सुट्टीतच सापडण्याची शक्यता जास्त.

२००२ मध्ये सर्व्ही आणि फिन यांनी ऑप्टिकल नेटवर्कचा विचार करताना अर्धवट सुट्टी आणली: सर्व्हर पूर्ण थांबत नाही, संथ गतीने काम चालू ठेवतो. एव्हाना सुट्टी घेणारं माणूस राहिलं नव्हतं. वायमॅक्स या बिनतारी इंटरनेट तंत्राच्या २००५ च्या मानकात बॅटरी वाचवण्यासाठी उपकरणाने झोप घ्यायची एक पद्धत अशी आहे: जाग आल्यावर कुणाचा निरोप नसेल तर पुढची झोप दुप्पट, मग चौपट, ठरलेल्या मर्यादेपर्यंत. बॅटरी वाचते, पण झोपांमधला फरकही वाढत जातो आणि त्याची किंमत लांब झोपेत येऊन पडलेला निरोप मोजतो.