चंद्राची कोर ही पृथ्वीची सावली नव्हे

‘चंद्रावर पृथ्वीची सावली पडते, म्हणून कला दिसतात’ हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि चांगली शिकलेली माणसेही तो मुलांना सांगतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. सावली पडते ती फक्त चंद्रग्रहणात, आणि तेही पौर्णिमेलाच.

पडताळा सोपा आहे. शुक्ल अष्टमीच्या सुमारास दुपारी चारला गच्चीवर जावे. सूर्य पश्चिमेकडे कललेला असतो आणि पूर्वेकडच्या आकाशात अर्धा चंद्र दिसतो. पृथ्वीची सावली नेहमी सूर्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे त्या वेळी क्षितिजाखाली असते. मग ती या चंद्रावर पडणार कशी? एक मोसंबे हात लांब करून चंद्राच्या दिशेने उन्हात धरावे. त्याचा जेवढा भाग उजळलेला दिसतो, तेवढाच चंद्राचाही दिसतो. चंद्राचा अर्धा गोल सूर्यप्रकाशात कायमच असतो. सुमारे साडेएकोणतीस दिवसांच्या फेऱ्यात त्या उजळ अर्ध्यापैकी आपल्या वाट्याला किती येतो, तेवढीच ती कला.

मग दर पौर्णिमेला ग्रहण का नाही? चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे 5 अंशांनी कललेली असल्यामुळे तो बहुतेक वेळा सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. पौर्णिमा या दोन कक्षांच्या छेदबिंदूंजवळ, म्हणजे ज्यांना आपण राहू-केतू म्हणतो त्या पातबिंदूंजवळ घडली, तरच ग्रहण लागते. ग्रहणे सावल्यांमुळे होतात, हे आर्यभटाने इ. स. 499च्या सुमारासच लिहून ठेवले आहे.