अ‍ॅलर्जीची गोळी आणि अ‍ॅड्रेनलिन: आधी कोणतं?

पावसाळा सरून ट्रेक सुरू झाले की ओळखीच्या ग्रुपांच्या प्रथमोपचार पेट्या माझ्याकडे तपासायला येतात. दरवर्षी तेच दिसतं: सेट्रिझिनच्या दोन पट्ट्या, एक एव्हिलची. वाटेत आग्या मोहोळ उठलं तर काय, असं विचारलं की या पट्ट्यांकडेच बोट दाखवतात.

सेट्रिझिन सगळ्यांना ठाऊक आहे. शिंका, गळणारं नाक, अंगावर उठलेलं पित्त यांवर ती उत्तम. आजी आमसुलाचं पाणी लावायची, आपण गोळी घेतो. तिच्याबद्दल एवढं पुरे.

घोळ पुढे आहे. नुसतं पित्त उठणं आणि जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी, म्हणजेच अ‍ॅनाफिलॅक्सिस यांची सुरुवात बऱ्याचदा सारखीच असते: खाज, चट्टे, सुजलेले ओठ. मग लोक गोळी देतात आणि 'बघू, उतरतं का' म्हणत थांबतात. मला सगळ्यात जास्त राग या 'बघू'चा येतो, कारण हातातली मिनिटं त्यातच जातात.

अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये शरीरातल्या मास्ट पेशी हिस्टामिनसह अनेक रसायनं एकदम सोडतात. रक्तवाहिन्या सैलावून पाझरू लागतात, रक्तदाब कोसळतो, घसा सुजतो, श्वासनलिका आवळतात. सेट्रिझिन यातल्या फक्त हिस्टामिनला अडवते, आणि तीही पोटातून रक्तात उतरून पूर्ण जोर धरायला साधारण तासभर घेते. तिने खाज थांबते. आवळलेली श्वासनलिका उघडत नाही, पडलेला रक्तदाब वर येत नाही. ही दोन्ही कामं इंजेक्शनने दिलेलं अ‍ॅड्रेनलिन काही मिनिटांत करतं, शिवाय घशाची सूज उतरवतं आणि मास्ट पेशींनाही आवर घालतं. डेक्सोनासारख्या स्टेरॉइडचा तर असर दिसायलाच काही तास लागतात.

म्हणून कातडीकडे नको, श्वास, आवाज आणि शुद्ध यांच्याकडे बघा. शेंगदाणे, कोळंबी, एखादं औषध किंवा डंख यानंतर धाप लागली, छातीत घरघर झाली, आवाज घोगरा झाला, जीभ सुजली किंवा माणूस चक्कर येऊन कोसळला, तर अ‍ॅड्रेनलिनच. अंगावर एकही चट्टा नसला तरी.

परदेशात मिळतं तसं औषध आधीच भरलेलं, टोचायचं तयार पेन आपल्याकडे सहज मिळत नाही. त्यामुळे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर १ मिलीत १ मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनलिन असलेल्या अँप्यूल (औषधाच्या बंद काचेच्या छोट्या कुप्या) घ्या, मात्रा लिहून घ्या आणि इंजेक्शन द्यायला त्यांच्याकडूनच शिका. मोठ्या माणसाला साधारणपणे ०.५ मिली, मुलांना वजनानुसार. जागा एकच: मांडीचा मधला भाग, बाहेरची बाजू, स्नायूत. दंडावर नको, शिरेत तर मुळीच नको.

पेट्यांमध्ये इन्सुलिनची सिरिंज सापडते, ती काढून टाका. तिची सुई आखूड, स्नायूपर्यंत पोचत नाही, आणि खुणा युनिटच्या असल्याने घाईत मात्रा चुकते. साधी १ मिलीची सिरिंज आणि एक इंच लांबीची सुई ठेवा. अँप्यूल एक नको, किमान दोन: पाच मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा डोस लागतो. काचेची मान गॉजमध्ये धरून मोडायची, नाहीतर बोट कापतं. आतलं पाणी गुलाबी किंवा तपकिरी दिसलं तर ती अँप्यूल फेकायची. पेटी उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत कधीही ठेवू नका.

इंजेक्शननंतर छाती धडधडते, हात थरथरतात, हे अपेक्षितच आहे. पेशंटला आडवं करून पाय उंच ठेवा; धाप असेल तर बसू द्या, पण उठवून चालवू नका. १०८ ला फोन करा आणि बरं वाटलं तरी हॉस्पिटलात न्या, कारण काही तासांनी हाच त्रास पुन्हा उसळू शकतो. खाज राहिली असेल आणि पेशंटला नीट गिळता येत असेल, तर सेट्रिझिन मग द्या.